स्टेंटच्या बॅगेचा तपास

बॅगचोरीच्या तक्रारी आमच्या ठाण्यात रोजच्याच. पण सोलापुरातली ती एक केस काही केल्या मनातून जात नाही.

त्या सकाळी हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई स्वतः आल्या. पुण्याहून त्यांच्या पेशंटसाठी स्टेंट घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसाची बॅग एसटी स्टँडवर चोरीला गेली होती. तो फिर्याद देत असताना त्या म्हणाल्या, "साधे स्टेंट आमच्याकडे आहेत. पण माझ्या पेशंटची रक्तवाहिनी जिथं दोन फांद्यांत विभागते, नेमका तिथंच अडथळा आहे. साध्यानं एक फांदी उघडताना दुसरीचं तोंड दबायची भीती वाटते. बॅगेतला स्टेंट खास अशा फाट्यासाठीच बनवलेला असतो."

पेशंट यंत्रमाग कारखान्यात कामाला होती. तिचा नवरा ठाण्यातल्या बाकावर बसून होता.

दुपारी खबऱ्याचा फोन आला आणि स्टँडवरचा एक सराईत चोर आम्ही उचलून आणला. तासभर एकच पालुपद, "मी न्हाय साहेब." असली माणसं दमदाटीला सरावलेली असतात. मी त्याला बाहेर त्याच बाकावर बसवलं, शेजारी एक शिपाई. नवऱ्याला तो कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं आपुलकीनं विचारलं, "तुमचं बी काय चोरीला गेलं काय?" आणि मग बायकोचं सगळं सांगत बसला. दहा मिनिटांत चोर मान खाली घालून आत आला. "मोबाइल असतील वाटलं, साहेब. स्टँडमागच्या बंद टपरीत हाय बॅग."

पंचनामा केला, धावपळ करून बॅग परत द्यायला कोर्टाचा आदेश मिळवला आणि मुद्देमाल घेऊन हॉस्पिटल गाठलं. मी खुशीत होतो. डॉक्टरबाईंनी स्टेंटचं सीलबंद पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं. कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.

"हा आता निर्जंतुक राहिला नाही, वापरता येणार नाही."

"एवढंसं तर आहे, मॅडम. कुणाला कळणार?" हे मीच बोललो.

"मला कळलंय की."

त्यांनी नवऱ्याला समोर बसवून खरं ते सांगितलं: दुसरा स्टेंट उद्या येईल, एक दिवस जोखमीचा आहे, मी इथंच थांबते. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."

दुसऱ्या दिवशी तो स्टेंट माझ्या शिपायानं स्टँडवरून थेट हॉस्पिटलात पोचवला. दुपारी डॉक्टरबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "दोन्ही फांद्या मोकळ्या झाल्या." नवरा रडू लागला.

दुसऱ्याची लबाडी पकडण्यात माझी हयात गेली. माझ्या तोंडून निघालेली मात्र त्या बाईंनी तीन शब्दांत पकडली.