कागदी चाळीवरची लाल अक्षरं

परळच्या इस्पितळातून दामूकाका गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी लालबागच्या नाक्यावर सभेची पत्रकं वाटत होते. तशीच चाळीकडे धावले. जिन्यातच कानावर आलं, "बिचारा! कागदाची घरं करायचा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही..." गेले काही आठवडे हेच ऐकतेय. गेलेल्या माणसाला निरुपद्रवी करून टाकायची एवढी कसली घाई? संताप झाला म्हणून लिहायला बसले.

दामूकाका आमच्या शेजारच्या खोलीतले. दिवसभर फोर्टातल्या कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी आले की जमिनीवर पुठ्ठे पसरून चाळीच्या गणपतीचा देखावा करायचे. दरवर्षी राजवाडा, नाहीतर देऊळ. गेल्या गणपतीत म्हणाले, "राजवाडे बघून देवही कंटाळला असेल. यंदा आपली चाळच करू." गॅलऱ्या, कठडे, दोरीवरची लुगडी, सगळं कागदाचं. आणि दर्शनी भिंतीसाठी लाल कागदातून कापलेली अक्षरं: संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

मी आमची पोस्टरं चिकटवायची खळ बादलीभर घेऊन गेले. काका हसले. "पुढारीणबाई, ही रस्त्यावरच्या भिंतींना लावा. इथं कागदावर कागद सपाट बसायला हवा. खळीतलं पाणी प्याला की कागद फुगतो, वाळला की भिंतीचा पापड होतो." डिंक लावला, तर कडा वळल्या. शेवटी त्यांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणलं. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचं, मग टेकवायचं. एक अक्षर तिरकं बसलं म्हणून मी सरकवायला गेले, तर हातावर फटका! "टेकलं की संपलं. आधी ठरवायचं, मग टेकवायचं."

दुसऱ्याच दिवशी फौजदार मंडपात आले. "घर राहू द्या, अक्षरं काढा." आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष लगेच मान डोलवायला लागले. हवालदार आमची पोस्टरं उतरवण्यात तरबेज. त्याने ओलं फडकं दाबलं, थांबला, नखाने कड उचकटायला गेला. कड हलेना.

"निघत नाही, साहेब. ओढलं तर घरच फाटंल."

"फाडा की!" काका म्हणाले. "गणपतीसमोर पोलिसांनी गिरणगावातलं घर फाडलं, हे लोकांनाही दिसू दे. बाया दर्शनाला उभ्याच आहेत."

रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. फौजदारांनी बाप्पाला हात जोडले आणि ते निघून गेले. मी विचारलं, "काका, पोलीस येणार हे धरूनच सोल्युशन आणलंत ना?" तर म्हणाले, "मग? तो घाण वास मी हौसेने घेत बसलो होतो?"

हा तुमचा कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस!

परवा चाळीच्या गच्चीवर शोकसभा झाली. काकांच्या तसबिरीशेजारी ती कागदी चाळ मांडली होती, आणि झेंडूचा जाडजूड हार तिच्या दर्शनी भिंतीवर असा सोडला होता की एकही अक्षर दिसू नये. अध्यक्ष गहिवरून बोलत होते, "राजकारणापासून दूर असलेला कलावंत..." मी उठले, हार उचलला आणि गच्चीच्या कठड्यावर टाकला.

"अगं ए, फोटो काढायचाय!" अध्यक्ष ओरडले.

"काढा की," मी म्हटलं. "आता काढा."