पुढचं विचारा

ऑफिसात तिला सगळे चाळण म्हणत. तिच्या हाताखालून प्रश्न गेला की गाळूनच निघायचा, म्हणून. वेबसाइटवरचे फॉर्म बनवणं हे तिचं काम. काय विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं आणि कशानंतर काय विचारायचं, बस एवढंच. ऐकणाऱ्याला वाटे, यात काय मोठंसं? तिला मात्र यापेक्षा मजेचं काम जगात असू शकतं हेच पटत नसे. कुठेही फॉर्म भरताना ती मध्येच थांबायची, खुदकन हसायची आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायची, की बघा, या लोकांनी पत्ता दोनदा विचारलाय. अशा वेळी नवरा जरा लांब जाऊन उभा राहायचा.

सासूबाई तर पाहुण्यांसमोर तिची नक्कल करत. आमची सून, त्या म्हणत, आल्या माणसाला कसे आहात, कधी निघालात, जेवणार का, असं एका दमात विचारत नाही. एकच विचारते आणि गप्प बसते. समोरचा बोलेपर्यंत हलायचं नाव नाही. पाहुणे हसत, चाळणही हसे. पण खरं सांगायचं तर सासूबाईंनी तिचा सगळा धंदा दोन वाक्यांत सांगून टाकला होता.

तर अशा या बाईकडे एक काम आलं आणि तिचे पाय जमिनीवर राहिनात. घरातल्या आजारी माणसासाठी पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर असं सामान वापरायला देणारी एक संस्था होती. सामान हवं तर तिथे जायचं, बाकावर ताटकळायचं आणि खिडकीवर अर्ज भरायचा. चाळणीच्या वडिलांच्या आजारपणात तिच्या आईनं हेच केलं होतं, वडिलांना आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून. परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागलेला असे. आता हाच अर्ज घरबसल्या भरता यावा असं संस्थेच्या मनात आलं होतं. काम आपल्याला मिळालं हे कळल्यावर चाळण उड्या मारत जिना उतरली, आणि कशासाठी उतरलो हे न आठवल्यामुळे पुन्हा वर आली.

घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. अर्ज एका लांबलचक पानावर ठेवायचा, की तोडून चार-पाच पानांत मांडायचा? चाळणीचं म्हणणं, तोडायचाच. आधीच मेटाकुटीला आलेला माणूस प्रश्नांची ती लांबी बघूनच हात टेकतो. त्याला एका वेळी एकच गोष्ट विचारावी, धीरानं. तिच्या समोर बसणारा प्रोग्रामर, ज्याला वयापेक्षा पोटाच्या मानानं सगळे दादा म्हणत, त्याचं म्हणणं नेमकं उलटं. पान बदललं की माणूस गळतो. अजून किती उरलंय हे कळत नाही, मध्येच नेट गेलं तर पहिल्यापासून सुरुवात. तुला माणसं बसमध्ये चढवायची आहेत की दर थांब्यावर उतरवायची आहेत, असं त्यानं तिला विचारलं. या भांडणापायी बाकीचे दुसऱ्या खोलीत जेवायला बसू लागले. आणि गंमत अशी, की दोघांनाही या भांडणाची चटक लागली होती.

शेवटी संस्थेच्या व्यवस्थापकबाईंनी तोडगा काढला. मोजकं बोलणारी बाई. दोन्ही अर्ज करून आणा, म्हणाल्या, आमच्या बाकांवरची माणसंच काय ते ठरवतील. पण एक गोष्ट त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली. संस्थेतल्या बऱ्याच जणांना हे प्रकरण नकोच होतं. लोकांना अर्ज भरता आला नाही, तर हा नाद कायमचा सोडायचा आणि खिडकीच चालू ठेवायची.

त्या दिवशी चाळण सगळ्यांच्या आधी संस्थेत हजर. भिंतीला मिटलेल्या चाकाच्या खुर्च्या ओळीनं टेकवलेल्या, फरशीला फिनेलचा वास, बाकांवर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली माणसं. तिनं दोन टेबलं लावली, टॅब्लेट रुमालानं पुसले, पुन्हा पुसले. एका टेबलावर दादाचा लांब अर्ज, दुसऱ्यावर तिचा तोडलेला.

दादाच्या टेबलावर माणसं कुरकुरली, वैतागली, दोघं-तिघं अर्ध्यावर उठलीही. पण काहींनी खाली सरकत सरकत शेवट गाठला. चाळणीच्या टेबलावर पहिलं पान झटक्यात भरून व्हायचं. तिचा चेहरा खुलायचा. आणि मग माणूस टॅब्लेट अलगद खाली ठेवून, काही न बोलता, खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसायचा. तरुण पोरं सटासट पुढे गेली, पण जरा वय झालेला प्रत्येक माणूस पहिल्याच पानावर उठत होता. सुरुवातीला दादा मिशीत हसला. नंतर त्यानं हसणंही सोडलं, आणि ते तिला जास्त लागलं. व्यवस्थापकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा चाळणीच्या तोंडचं पाणी पळालं.

एवढ्यात एक आजोबा बसले. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. कुणासाठी हवंय, काय हवंय, आजार कधीपासून आहे, हे सगळं त्यांनी एका बोटानं नीट भरलं. मग पानाच्या तळाशी नजर गेली. त्यांनी चष्मा काढला, टॅब्लेट टेबलावर ठेवला आणि पिशवीला हात घातला. चाळणीला राहवलं नाही. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"काय झालं, आजोबा?" तिनं विचारलं, आणि सवयीनं गप्प बसली.

आजोबांनी आधी पिशवीचे बंद सारखे केले. मग तिचीच समजूत घालावी तसे म्हणाले, "काही नाही गं बाळ. नाही म्हणाले. चालायचंच."

"कोण नाही म्हणालं?"

"हेच की. मी सगळं सांगितलं, बायकोसाठी पलंग पाहिजे म्हणून. तर खाली म्हणतंय, पुढे जा."

चाळण टॅब्लेटकडे बघतच राहिली. पुढे जा. दारात कुणी काही मागायला आलं आणि द्यायचं नसलं, की आपण काय म्हणतो? पुढे जा. तीसुद्धा लहानपणापासून हेच ऐकत आणि म्हणत आली होती. आणि अडल्यानडल्या माणसानं बायकोसाठी पलंग मागितल्यावर तिनं त्याच्या मागणीखाली, चांगल्या ठळक हिरव्या अक्षरांत, नेमके हेच दोन शब्द घातले होते. प्रश्न सगळे गाळले, बटण तेवढं तसंच राहिलं.

तिला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ अशी काही आनंदाची उकळी फुटली, की ती मिटलेल्या खुर्च्यांना अडखळत दादाकडे धावली. पानं चुकली नव्हती, बटण चुकलं होतं. दादानं दोनदा ऐकलं, मग कपाळावर हात मारून घेतला. लहानपणी त्याची आजी दारातून हेच म्हणायची.

मग काय लिहायचं? दादा म्हणाला, पुढील प्रश्न. ती म्हणाली, परीक्षा आहे का? पुढचं पान म्हटलं तर कादंबरी वाटते. आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं, की बटण तर माणूस दाबतो. मग त्यावर आपलं बोलणं कशाला, त्याचं पाहिजे. पुढचं विचारा. दादा जागच्या जागी उठून उभा राहिला. पण लगेच त्याच्यातला प्रोग्रामर जागा झाला. शेवटच्या बटणावर काय, पाठवतो की पाठवते? दोघं पुन्हा हमरीतुमरीवर येणार, तोच मागून व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "हे पोचवा, असं लिहा." दादानं एका चाकाच्या खुर्चीवरच लॅपटॉप ठेवला आणि उभ्या उभ्या बदल केला. तेवढ्यात, कुणी सांगितलं नसताना, अजून किती पानं उरली आहेत हेही त्यानं वर लिहून टाकलं.

आजोबा नको नको म्हणत पुन्हा बसले. बटण वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "विचारा की." दाबलं. पत्ता आला, घराला जिना आहे का हे आलं. प्रत्येक पानाला ते तोंडानं उत्तर देत आणि मग बोटानं लिहीत. चाळणीला एका जागी उभं राहवत नव्हतं.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. सामान आणताना आम्ही काय लक्षात ठेवावं? दादाच्या लांब अर्जातही तो तळाला होता, आणि तिथे सगळ्यांनी रेघ मारली होती किंवा काही नाही असं लिहिलं होतं. आजोबा इथे थबकले. दादा तिच्या कानाशी पुटपुटला, की हे एक पान जास्तीचं आहे, आता हे उठणार. तिनं त्याची बाही धरून ठेवली. आजोबा दाराबाहेर बघत राहिले. मग एकेक अक्षर शोधत लिहू लागले. बराच वेळ लिहिलं आणि हे पोचवा दाबलं.

अर्ज व्यवस्थापकबाईंच्या कॉम्प्युटरवर आला. तिघांनी मिळून वाचला. तळाशी लिहिलं होतं, "दुपारी आणू नका. रात्रभर कळा येतात, दुपारीच काय तो तिचा डोळा लागतो. पलंग उशिरा आला तरी चालेल. झोप मोडू नका."

मग दादा खाकरला आणि हळूच म्हणाला, की या प्रश्नाला वेगळं पान पाहिजेच. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, खिडकीवर आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. पानांत तोडलेला अर्ज सुरू करा. चाळणीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

व्यवस्थापकबाईंनी तोवर फोन उचलला होता. गाडीवाल्याला त्यांनी सांगितलं, की पलंग सकाळी न्यायचा.