रंगातले सेल मोरीकडं वाहून गेले

मैत्रिणींनो, आज घरावर राग आलाय. खरं तर रागवायचंही त्राण नाही.

सकाळी धुणंभांडी उरकून कॅनव्हासवर पातळ ॲक्रिलिक रंग ओतले. त्यात सिलिकॉन तेलाचे दोन थेंब घातले की रंग फाटून आतून दुसऱ्या रंगाचे गोल उघडतात. त्यांना सेल म्हणतात. सहाव्या प्रयत्नात, पहिल्यांदाच, ते माशाच्या खवल्यांसारखे उघडले. कॅनव्हास वाळायला फरशीवर ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

जेवणं झाल्यावर बघते तर सगळे गोल लांबट होऊन एका कडेला घसरलेले.

आमचे हे दुकानातून जेवायला आले होते. म्हणाले, "आगं, फरशीला ढाळ हाय. पाणी मोरीकडं गेलं पायजे, असं मिस्त्रीला तूच सांगितलं हुतंस."

"थोडी सपाट ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

"पाणी साचलं असतं. पुसायला तूच बसली असतीस."



मग लेकीची गोटी घेऊन चारही खोल्यांत फिरले. जिथं ठेवली तिथून ती मोरीकडंच पळाली.

तुमच्या घरात गोटी थांबेल अशी हातभर जागा आहे का? खरं सांगा, नुसता अंगठा दाबून जाऊ नका.