आधी सगळा पेपर वाचायचा

माझं अक्षर सुंदर आहे. हे मीच सांगून टाकते, कारण हल्ली ते कोणी विचारत नाही. घोडेगावच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा मान सलग चार वर्षं माझ्याकडे होता, आणि मोत्याच्या दाण्यांसारखं अक्षर म्हणून वडिलांनी माझ्या वह्या किती पाहुण्यांना दाखवल्या असतील याची गणतीच नाही. पेपर तपासणाऱ्याचं मन माझ्या पहिल्या पानावरच विरघळतं, असा माझा पक्का समज होता. त्यामुळे नगरला बी.एड.ला आल्यावर, शिक्षक भरतीची परीक्षा संगणकावर असते, समोर येईल तो प्रश्न वाचायचा आणि उत्तरापुढच्या गोळ्यावर टिचकी मारायची, हे नीट डोक्यात शिरलं तेव्हा माझा तिळपापड झाला. वर्गात उभी राहून मी एक भाषणच ठोकलं. मशीनला माणूस कळतो का, वगैरे वगैरे.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच गळ्यात लोढणं बांधलं. म्हणाले, एवढी मतं आहेत तर तुझ्या संशोधन प्रकल्पाचा विषयच हा घे, संगणकावरच्या परीक्षेबद्दल भावी शिक्षकांना काय वाटतं. झालं. मी प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानापुढे सहमत, असहमत, सांगता येत नाही असे तीन रकाने, आणि सगळं हाताने लिहून झेरॉक्स काढलेलं. टाईप करायला मी ठाम नकार दिला होता.

फॉर्म भरून आले तशी एकेकाची मतं कळायला लागली. श्रीगोंद्याच्या एका मुलाने लिहिलं होतं की कॉम्प्युटरला कोणाचा मामा नसतो, म्हणून तो बरा. एकीला स्क्रीनकडे बघून डोकेदुखीची भीती होती. एकाचं म्हणणं असं की वीज गेली तर देव तरी काय करणार. माझ्या बाजूने फार कमी लोक निघाले याचा मला राग आला, आणि तो मी हॉस्टेलच्या जेवणावर काढला.

एक फॉर्म मात्र असा आला की सगळ्या विधानांपुढे फक्त ‘सांगता येत नाही’. तो वहिनींचा होता. वहिनी म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलं, नवरा पाथर्डीकडे जीप चालवायचा. लहानपणी आई-वडिलांबरोबर दर वर्षी ऊसतोडीला जावं लागायचं, त्यामुळे शाळा तुटत तुटत झालेली. दहावी लग्नानंतर, बी.ए. मुलं झाल्यावर, आणि आता हे बी.एड. चाललेलं. पाथर्डीहून रोज एसटीने यायच्या आणि पहिल्या तासाला सगळ्यांच्या आधी बसलेल्या असायच्या.

मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले, जरा तोऱ्यातच, की वहिनी, असं चालत नाही, काहीतरी मत द्या.

“मी तसली परीक्षा कधी दिलीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “न दिलेल्या परीक्षेला बरी म्हनू का वाईट?”

माझ्या अख्ख्या प्रकल्पात एवढं प्रामाणिक उत्तर दुसरं नव्हतं. मग बोलता बोलता त्यांनी खरी गोष्ट सांगितली. येणारी भरती त्यांच्यासाठी शेवटची होती. त्यानंतर वयाची मर्यादा ओलांडली जाणार होती, म्हणजे पुन्हा फॉर्मच भरता येणार नव्हता. आणि माऊसला त्यांनी आजवर हातही लावलेला नव्हता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण नवऱ्याने जीपच्या दुरुस्तीचं कामसुद्धा पुढे ढकलून यांच्या फीचं बघितलं होतं.

मी लगेच म्हटलं, मी शिकवते. मला स्वतःला ती परीक्षा आवडत नव्हती हा भाग वेगळा, पण शिकवायची संधी मी सोडत नाही. हा माझा जुना रोग आहे.

कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये जी मशिनं सुरू होती त्यांतलं कोपऱ्यातलं एक आम्ही धरलं. पहिल्या दिवशी वहिनींनी माऊस असा घट्ट पकडला की जणू शेळीचा कान धरलाय. बाण हलवता हलवता माऊस टेबलाच्या काठाला पोचला, तर खुर्चीवरून अर्धवट उठून त्यांनी मला विचारलं, आता फुडं कुठं न्यायचा? उचलून परत मागे ठेवायचा असतो हे त्यांना सांगताना मला हसू आवरेना, आणि त्याही हसत सुटल्या. आठवड्याभरात बाण त्यांचं ऐकायला लागला. पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा त्यांचाच हात स्थिर होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तंत्र आलं तशी मी पुढे गेले. पेपर कसा सोडवायचा याचं व्याख्यान सुरू केलं. सराव पाठात आम्ही मुलांना जे सांगायचो तेच: घाई करायची नाही, आधी सगळा पेपर शांतपणे वाचून काढायचा, मग सोपे प्रश्न आधी, अवघड मागून. माझे वडील हेच सांगायचे, त्यांचे गुरुजीही हेच सांगत असणार. कॉलेजच्या सराव चाचणीत वीस प्रश्न असायचे. दोन-तीन मिनिटांत वाचून व्हायचे, आणि नियम छान चालायचा. वहिनी मान डोलवायच्या आणि मी सांगेन तसं तंतोतंत करायच्या. इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला नंतर वर्गातही मिळाली नाही.

परीक्षेचं केंद्र नगरच्या बाहेर एका कॉलेजात होतं. आम्हा दोघींची वेळ एकच आली, याचाच केवढा आनंद झाला होता मला. चपला बाहेर, बोटाचा ठसा, फोटो, आणि मग थंडगार खोलीत ओळीने संगणक. वहिनी माझ्या दोन ओळी पुढे. दोन तास, दोनशे प्रश्न. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळायला लागलं आणि मी पहिला प्रश्न वाचला. सोडवला नाही, फक्त वाचला. मग ‘पुढे’ दाबलं. दुसरा वाचला. पुढे.

कागदावर पान उलटलं की पंधरा-वीस प्रश्न एकदम दिसतात. इथे एकेक. शिवाय मधे लांबलचक उतारे, आकृत्या, गणितं. साठाव्या प्रश्नापाशी वाटलं, वेळ जातोय. पण हट्ट माझा, एवढं वाचलं तर उरलेलं अर्धवट कसं सोडायचं? दोनशेवा प्रश्न वाचून मी घड्याळाकडे बघितलं, तर चाळीस मिनिटं गेलेली आणि उत्तर एकाचंही दिलेलं नाही. वाचलेलंही आठवत नव्हतं. 

आणि पुढच्याच क्षणी माझं लक्ष समोर गेलं. वहिनींची पाठ ताठ होती आणि हात एका लयीत चालला होता. टिचकी, पुढे. टिचकी, पुढे. वाचत होत्या. माझं ऐकून, उत्तर न देता, नुसता सगळा पेपर वाचत होत्या. माझं गेलं तर मी पुढच्या वर्षी बसेन, पण या बाईला पुढचं वर्षच नव्हतं, आणि तिचं वाटोळं मी माझ्या शहाणपणाने केलं होतं. ओरडून सांगावंसं वाटलं. मान जरा उंच केली तर पर्यवेक्षकांनी हटकलं, मॅडम, स्वतःच्या स्क्रीनकडे बघा. मग मी सुटले. शेवटची पाच मिनिटं तर न वाचताच गोळ्यांवर टिचक्या मारत होते. शहाणी म्हणे.

बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर चहा घेतला. वहिनी माझ्याकडे बघेनात. पदराशी चाळा चाललेला, चहा गार होत होता. मला काय ते कळून चुकलं. मीच सुरुवात केली, म्हटलं, वहिनी, किती प्रश्न राहिले?

“रागवू नको,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलेलं मी ऐकलं न्हाई. दहा-बारा सवाल वाचले आन् जीव भ्याला. उसाच्या फडात आई म्हनायची, समदा फड बघू नको, बघितला तर कोयता उचलायचा न्हाई. म्हून मंग पुढ्यात आला त्यो सवाल सोडवला आन् फुडं गेले. समदे झाले. पर तुझी शिस्त काय पाळली न्हाई बाई.”

मी त्या टपरीवरच त्यांना मिठी मारली. चहा माझ्या ओढणीवर सांडला. त्यांना वाटलं मला वेड लागलंय, कारण मी हसत होते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. माझी चाळीस मिनिटं कुठे गेली ते सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की टपरीवालाही कारण न कळता हसला. पाथर्डीची गाडी येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

निवड यादी लागली तेव्हा मी घोडेगावला होते. फोनवर यादी उघडणारच होते तेवढ्यात वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे रेंज येत-जात होती, आणि बघायची हिंमतही नव्हती. त्यांनी नंबर सांगितला, मी फोन चालू ठेवूनच यादी उघडून शोधला. होता. दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बोट ठेवून बघितला आणि सांगितलं. पलीकडे मागे कोणीतरी जीपचा हॉर्न वाजवत होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, “आन् तुझा?”

माझा मी तोवर बघून घेतला होता. म्हटलं, “माझं अजून वय आहे, वहिनी.”

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. आई धावत आली. वहिनी लागल्या म्हणून आनंदाने रडतेय, असं मी तिला सांगितलं, अजूनही सगळ्यांना तसंच सांगते, आणि त्यातलं निम्मं तरी अगदी खरं आहे.