न्येपीच्या आदल्या रात्रीची झोप

नेंगाह रेंतानाला झोप लागली, आणि तीच नडली.

न्येपीच्या, म्हणजे सगळ्या गावाने घरात गप्प बसायच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मिरवणुकीच्या बांबू-कागदी राक्षसाचा उजवा हात निखळला. बांबूकाम जाणणारा आळीत रेंताना एकटाच. मग हात बसवा, राक्षस खांद्यावर घ्या, चौकाचौकात गरागरा फिरवा, शेवटी जाळा. मधे ताडाची दारू फिरत होती, तिलाही नाही म्हणवत नाही. घरी येऊन ‘जरा पाठ टेकतो, मग किनाऱ्यावर जातो’ असं बायकोला सांगून तो आडवा झाला. डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं आणि न्येपी लागली होती. आता दुसऱ्या सकाळपर्यंत दिवा नाही, चूल नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही.

आणि किनाऱ्यावरच्या झोपडीत त्याने बुडी मारून धरलेले, शोभेच्या काचटाक्यांसाठी विकायचे एंजल मासे टबात वाट बघत होते.

या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, मीठ भुरभुरवल्यासारखे. ठिपक्यातला किडा पोट भरलं की मासा सोडतो, तळाला चिकटतो आणि काही दिवसांनी फुटून एकाचे शेकडो होऊन परत माशावर चढतो. तांब्याच्या औषधाने तो मरतो. पण रेंतानाचं एकदा माप चुकलं आणि किड्यांच्या आधी मासेच गेले. तेव्हापासून त्याची भिस्त टब बदलण्यावर. दर तिसऱ्या दिवशी मासे उन्हात खडखडीत वाळवलेल्या टबात, ताज्या समुद्राच्या पाण्यात हलवायचे. किडे जुन्या टबात राहतात, मासे नव्या. असं चारदा केलं की सुटका. एक पाळी चुकली की पुन्हा पहिल्यापासून, आणि काल रात्रीची पाळी झोपेत गेली होती. त्याच्याकडे टब एकच. दुसरा शेजारच्या सारिनिंगकाकूंचा, न्येपीनंतरच्या मोठ्या सणाला डुकराचं मटण कालवायचा. ‘सणाच्या आत घासून आणून देतो’ म्हणून मागून आणलेला.

देनपसार शहरातल्या मासे-व्यापाऱ्याचा माणूस बासुकी याने आधीच्या दोन खेपा ठिपके बघून नाकारल्या होत्या. पुन्हा ठिपका दिसला तर या रस्त्याने गाडीच आणणार नाही, असं तो हसत हसत सांगून गेला होता. आणि बुड्या मारून मारून रेंतानाचा एक कान गेला होता, दुसरा ठणकत होता. ही खेप गेली तर नवे मासे धरायला परत समुद्रात उतरणं नव्हतं. दक्षिणेकडे हॉटेलांच्या बांधकामावर घमेली उचलायची, एवढंच उरत होतं.

तो फाटकाशी आला. बाहेर चौकड्यांची लुंगी नेसून पहाऱ्यावर त्याचा चुलतभाऊ सुकरेना उभा.

“ब्ली, आत हो,” सुकरेना दबक्या आवाजात म्हणाला. थोरल्या भावाचा मान जिभेवर होता, काठी मात्र आडवी.

“या टबातून त्या टबात टाकतो आणि येतो. कुणाला कळणार पण नाही.”

“आजारी माणसाला सोडायचा नियम आहे. आजारी माशाला नाही.”

“मरतील रे ते.”

“काल नाचताना नाही आठवले? मला वाटलं, राक्षसाचा हात परत निखळायच्या आधी तुझेच पाय निखळतात.”

रेंताना हसला नाही. “तुला फिरायची मुभा आहे. तूच जाऊन टाक ना.”

सुकरेनाने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “आज मी पाण्यात हात घातला, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू?”

दुपारी मात्र तो न विचारता फाटकाशी थांबला आणि “पोहतायत” एवढं बोलून पुढे गेला. अंधार पडताना पुन्हा किनाऱ्यावरून आला, तेव्हा फाटकाशी न थांबता निघून गेला.

सकाळी रेंताना धावतच किनाऱ्यावर गेला. मासे हलवले, टब घासला, उन्हात पालथा घातला, सगळं पहिल्यापासून धरलं. पण ठिपके अंगावर आले होते, आणि बासुकीची गाडी त्याच आठवड्यात आली. त्याने टॉर्च पाण्यात मारली, आडवी-उभी फिरवली. मग कॉफी घेतली, कॉफी चांगली झालीय म्हणाला, रेंतानाच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली आणि रिकामी गाडी घेऊन गेला. त्यानंतर ती या रस्त्याला दिसली नाही.

मासे एकेक करून तळाला बसले. रेंताना तरीही टब बदलत राहिला, शेवटचा मासा उरला तेव्हासुद्धा. बायको म्हणाली, “आता कुणासाठी?” तो पाणी आणायला गेला.

आता तो दक्षिणेला घमेली उचलतो. मटणाचा सण तोंडावर आलाय. सारिनिंगकाकू रोज कुंपणावरून विचारतात, “टब कुठंय गं?” बायको सांगते, ते आले की घासून आणून देतील. टब झोपडीपाशी पालथा पडलाय, कडेला मिठाची पांढरी रेघ धरून.