तीन अर्ज, एकच अंगठा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत, पण हे एक अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं. त्यात ना रक्त सांडलं, ना कोणाला बेड्या पडल्या.

माझी नेमणूक तेव्हा कवठे महांकाळ पोलीस ठाण्यात होती. एका सकाळी हजेरी उरकते न उरकते तोच शिरवळहून एका खाण कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. ही कंपनी अभियांत्रिकी आणि खाणकाम शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देत असे. शिक्षणाचा सगळा खर्च कंपनीचा. बदल्यात पुढे दोन वर्षं कंपनीच्या खाणीवर नोकरी करायची. त्यासाठी पालकांचं संमतीपत्र लागे.

"साहेब, तुमच्या भागातल्या एकाच गावातून तीन अर्ज आलेत," ते म्हणाले. "बाप तीन वेगळे, पण अंगठा एकच. मधोमध तिरका व्रण आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतो. आठ दिवसांत यादी लागेल. बोगस असतील तर नावं काढून टाकतो."

स्टेशन डायरीला नोंद घेतली. खरं सांगतो, मला राग आला होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि तोही एका कारखान्याने दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे. गरजू मुलांच्या वाट्याचं कोणी एजंट लाटत असेल, तर त्याला सोडायचं नाही असं ठरवूनच कामाला लागलो.

तिन्ही अर्ज तालुक्यातल्या एकाच सेवा केंद्रातून भरले होते. केंद्रचालकाला चौकशीसाठी बोलावलं.

"फॉर्म मी भरलं साहेब, पण अंगठं गावाकडनंच आलं."

"आंगठं काय एसटीनं आलं व्हय रं?" आमच्या हवालदारांनी टोमणा मारला.

"व्हय की! कंडक्टरकडं पाकीट दिलं हुतं."

खोटं बोलणारा उत्तर आधीच तयार ठेवतो. हा मात्र प्रत्येक गोष्ट आठवून, अडखळत सांगत होता. मी त्याला सोडलं आणि गाव गाठलं.

धनगरांची वस्ती. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. एका म्हाताऱ्याला अर्जाच्या प्रती दाखवल्या, तर त्याने स्वतःहून अंगठा पुढे केला. तोच तिरका व्रण.

"आवं, माजाच हाय. लोकर कातरताना कातर लागली हुती."

"दुसऱ्यांच्या नावावर तुम्ही अंगठा कसा लावला?"

"दिवाळी झाली की समदी मेंढरं घेऊन जात्यात. गावात मागं ऱ्हाईल त्यानं सगळ्यांचं बघायचं, ही आमची रीत हाय. पोरीचं लगीन ठरवाया माजा शब्द चालतो, मग ह्यो कागद काय लय मोठा हाय?"

तीन अर्जांपैकी एक त्याच्या पुतण्याच्या मुलीचा होता. ती सांगलीला शिकत होती, सुट्टीला आली होती. दाराआडून सगळं ऐकत होती.

"वडिलांना दोन वर्षांच्या नोकरीचं सांगितलंस?" मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. "नाही म्हणाले असते तर? साहेब, माझं नाव जाईल का?"

ते माझ्या हातात नव्हतं. फसवणुकीचा हेतू नव्हता हे दिसत होतं. पण संमती होती की नव्हती, हे बापांनीच सांगायला हवं होतं. मुलीचा बाप "मला मान्य नाही" म्हणाला असता, तर तसाच जबाब लिहून घ्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी जीप काढली. तिघा बापांचे कळप मलकापूरच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात बसले होते. दोघांनी मुलांसाठी लगेच होकार दिला. मुलीच्या बापाने मात्र सगळं ऐकून डोक्याचं मुंडासं काढलं आणि खाली बसला.

"चुलत्यानं आंगठा लावलाय नव्हं? मग मला कशाला इचारता?"

"मुलगी तुमची आहे. तुमच्या तोंडून ऐकायला हवं."

"खाणीत? दोन वरीस? परमुलखात?"

"होय."

त्याने मेंढरांकडे नजर वळवली. हवालदार काही सुचवायला निघाले, तर मी त्यांना हातानेच थांबवलं. जबाब देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नसतो.

शेवटी तो म्हणाला, "आमी जल्मभर मेंढरामागं परमुलखातच फिरलो. ती दगडामागं फिरंल. ल्हिवा, माजी हरकत न्हाई." मग स्वतःशीच हसला. "पर माज्या म्हाताऱ्या आईला मी न्हाई सांगणार, तुमीच सांगा सायब."

अंगठा त्याने इतका जोरात दाबला की शाई पसरली; दुसरा कागद घ्यावा लागला.

फसवणुकीचा हेतू आढळून येत नाही, असा अहवाल मी पाठवला. सोबत तिन्ही बापांची नवी संमतीपत्रं जोडली. कंपनीने ती स्वीकारली. यादीत तिन्ही नावं लागली.

या प्रकरणाने मला माझ्या रागाची तपासणी करायला शिकवलं. फोनवर ऐकताना मला टोळी दिसली होती. तिथे होती एक जुनी रीत. आणि तेवढंच दुसरंही शिकलो. रीत कितीही चांगली असो, ज्याच्या नावाचा कागद, त्याला एकदा समोर बसून विचारावंच.

ती मुलगी आज एका खाणीवर अभियंता आहे. दोन वर्षं केव्हाच संपली, पण ती तिथेच राहिली. परवा तिच्या वडिलांचा फोन आला होता. मेंढरं भावावर सोपवून, पहिल्यांदाच पोरीची खाण बघून आले होते. खाण कशी आहे, असं मी विचारलं.

"लय खोल हाय, सायब," ते म्हणाले. "वर आलेली माणसं तिला मॅडम म्हणत्यात."