एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

तुम्ही शेवटचा फॉर्म खरा कधी भरला होता? तो, ‘एक ते पाचमध्ये मत द्या’वाला? आठवत नाही ना? मग ऐका. तुम्ही कोरा सोडलेला फॉर्म कुणीतरी भरतो. मी त्या माणसाला ओळखते.

कॉलेजच्या संगणकशास्त्र विभागात तो सव्वीस वर्षं कारकून आहे. पोरं त्याला टक्केकाका म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि तो ओ देतो. त्याची जागा प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. भिंतीला लावलेले बंद पडलेले मॉनिटर, एकाच्या काचेवर धुळीत कुणीतरी बोटानं काढलेलं हसरं तोंड, आणि एक पाय तुटल्यामुळे जुन्या कीबोर्डांच्या गठ्ठ्यावर टेकवलेलं टेबल. त्या टेबलावर पदवी तयार होते. मी वाढवून सांगत नाही.

विभागाच्या दारात एक फलक आहे. तीन वर्षं संपल्यावर विद्यार्थ्याला काय काय येईल, याची बारा वाक्यं त्यावर लिहिली आहेत. ‘अनोळखी समस्येचे भाग पाडून तिच्यासाठी प्रोग्राम लिहील.’ ‘स्वतःच्या प्रोग्राममधली चूक स्वतः शोधील.’ ‘गटात काम करील.’ ‘आयुष्यभर शिकत राहील.’ कागदावर याला अध्ययन निष्पत्ती म्हणतात, बोलताना सगळे आऊटकम म्हणतात. वाक्यं चांगली आहेत हो. मी कुठल्या कॉलेजची पायरी चढले नाही. जे आलं ते लोकांचे अर्ज लिहून आणि साहेबलोकांशी भांडून आलं. पण ती बारा वाक्यं वाचून मलाही वाटलं, एवढं येत असतं तर कुणाच्या बापाला भ्याले नसते.

वाक्यं खरी होतात की नाही हे बघायला अधूनमधून बाहेरून तपासणी समिती येते. समितीला टक्का लागतो. टक्का फॉर्ममधून निघतो: शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकानं बारा वाक्यांपुढे एक ते पाचमध्ये खूण करायची, खाली सूचनेसाठी एक ओळ. पोरं काय करतात? हजेरी क्रमांक टाकतात आणि कोरा देतात. त्यांची बस निघत असते.

विभागप्रमुख मॅडम आकडा आधीच सांगतात. “यंदा बहात्तर, काका. मागच्या खेपेला सत्तर होते, थोडी प्रगती दिसायला हवी.” मग टक्केकाका बहात्तरापासून मागे मागे येत फॉर्म भरतो. तीन पेनं, त्यातलं एक मुद्दाम अडखळणारं. काही फॉर्म डाव्या हातानं.

“सगळीकडे पाच दिले तर समितीला संशय येतो, ताई, आणि सगळीकडे चार दिले तर झोप येते,” त्यानं मला समजावलं. “मधेच एखादा तीन टाकायचा. ‘गटात काम करील’ला टाकायचा. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.”

मी हसले. तो हसला नाही. तो विनोद सांगत नव्हता, काम सांगत होता.

त्याची एकुलती एक लेक त्याच विभागात शेवटच्या वर्षाला होती. दोनदा नोकरीच्या चाचणीला जाऊन आली होती. दुसऱ्या वेळी वीस ओळींचा प्रोग्राम लिहायला सांगितला. तिनं पहिली ओळ लिहिली, खोडली, पुन्हा तीच लिहिली. वेळ संपला.

“काय गं, कसं झालं?” आईनं दारातच विचारलं.

“झालं,” ती म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

बाप जेवत होता. त्यानं पाणी मागितलं. पोरीला तीन वर्षांत काही आलंय की नाही, त्या घरात एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तो कुणी काढत नव्हतं.

त्या आठवड्यात फॉर्म आले. चौसष्ट. बरेचसे कोरे, काहींवर वरून खालपर्यंत एकच रेघ ओढून पाच. आणि एक नीट भरलेला. क्रमांक एक्केचाळीस. बाराच्या बारा वाक्यांपुढे एक नाहीतर दोन. खाली सूचनेच्या ओळीत छापील अक्षरांत, जणू कुणी ओळखू नये म्हणून, लिहिलं होतं: ‘फंक्शन म्हणजे काय ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवाल का? तिसऱ्या वर्षी विचारायची लाज वाटते.’ फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एका कामापुरता तुकडा, पहिल्या वर्षातला धडा; हे मला नंतर कळलं.

कोरे भरून झाल्यावर टक्केकाकानं बेरीज केली. एकाहत्तर पूर्णांक सहा. मॅडम मागे उभ्या होत्या.

“हा कोण शहाणा?”

“असतो एखादा, मॅडम. बदलतो.”

त्यानं नवा फॉर्म घेतला, क्रमांक टाकला, पाच-चार-पाच-चार केलं. घाईत पेन बदलायचं आणि हात बदलायचा राहिला. सूचनेत लिहिलं, ‘सर्व सुविधा उत्तम आहेत.’ पुन्हा बेरीज. बहात्तर पूर्णांक चार. त्या एका पोराचं वजन पाऊण टक्क्याच्या वर भरलं. जुना फॉर्म फाडायचा तर फाडण्याचं यंत्र बिघडलेलं. त्यानं चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या पोरीचा क्रमांक ठाऊक नव्हता? नव्हता. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. यंदाचा त्यानं विचारला नव्हता. चौसष्टांचे नुसते क्रमांक, नावांशिवाय, रोज त्याच्या बोटांखालून जात होते; त्यातला लेकीचा कुठला, हे घरी कशाला विचारेल?

समिती आली. तीन माणसं, लांब टेबल, पांढरं कापड. टक्केकाका पाण्याचे पेले घेऊन दाराशी. समितीतल्या चष्मेवाल्यानं गठ्ठ्याच्या मधूनच एक फॉर्म ओढला.

“एक्केचाळीसला बोलवा.”

दार उघडलं आणि लेक आत आली.

त्याला काय वाटलं, हे मी तीनदा विचारलं. “काही नाही वाटलं, ताई,” तो म्हणाला. “ट्रेमध्ये सहा पेले होते. मी ते मोजले. सहाच होते.”

चष्मेवाल्यानं फॉर्म तिच्यापुढे सरकवला. “इथं म्हटलंय, अनोळखी समस्येचे भाग पाडून प्रोग्राम लिहू शकते. पूर्ण सहमत. हे तुम्हीच भरलंय?”

पोरीनं फॉर्म बघितला. टक्केकाकाची बरोबरची खूण वेगळी आहे. आधी एक ठिपका, मग रेघ, आणि शेवटी वर एक आकडी. पहिलीपासून तिच्या पाढ्यांच्या वहीत तीच खूण होती. तिनं मान वर केली, पण बापाकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं.

“हो सर. मीच.”

“एखादं उदाहरण?”

“ग्रंथालयाचा प्रकल्प केला होता सर. पुस्तक देणं, परत घेणं.”

तो प्रकल्प दर वर्षी सगळे करतात. आधीच्या वर्षाचा घेतात आणि वरचं नाव बदलतात. चष्मेवाल्यानं घड्याळ बघितलं. “छान. या.”

बहात्तर पूर्णांक चार मंजूर झाले. मॅडमनी सगळ्यांना पेढ्यासारखं एकेक हसू वाटलं.

तिसऱ्या दिवशी घरी तो बुटाची लेस सोडत होता, ती समोर आली.

“बाबा, माझा कुठंय?”

त्यानं खिशातून काढून दिला. तिनं उलगडला, वाचला, पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला.

“वाचला होता?”

“हो.”

“मग?”

“कुणाचा आहे ते माहीत नव्हतं गं.”

“माझा नसता तर?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. लेसची गाठ बसली होती, तो ती सोडवत राहिला. फॉर्म तिनं त्याच्या बुटाशेजारी ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. बाजारामागच्या अभ्यासिकेत मी टेबल टाकून बसते, लोकांचे अर्ज-तक्रारी लिहिते, हे त्याला माहीत होतं. सगळं त्यानं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, वर-खाली न होता. माझं मात्र डोकं फिरलं. मी खुर्ची मागे ढकलून उभीच राहिले.

“उद्या दहा वाजता तुमच्या मॅडमच्या दारात शंभर पोरं बसवते की नाही बघा! आणि तुम्ही हो? सव्वीस वर्षं हेच? लाज विकून खाल्लीत काय?”

“हो,” तो म्हणाला. “पण आवाज नको, ताई. तिचा निकाल लागू दे.”

“मग आलात कशाला?”

त्यानं फॉर्म टेबलावर सपाट केला. चार घड्यांनी कागद मऊ पडला होता. सूचनेच्या ओळीवर बोट ठेवलं. “या एवढ्या ओळीचं काही करता येईल का? बाकी राहू दे.”

मी बसले. माझ्याकडे तक्रारीचे नमुने सतरा आहेत. या ओळीसाठी एकही नव्हता.

आता निकाल लागला आहे. पोरगी प्रथम श्रेणीत आली. फलकावरची बाराही वाक्यं तिच्या बाबतीत कागदोपत्री खरी झाली. तिसरी चाचणी सहा आठवड्यांवर आहे. टक्केकाका परवा येऊन म्हणाला, “आता तक्रार लिहा. माझंही नाव लिहा.” मी म्हटलं, नोकरी जाईल. तो म्हणाला, “जाईल,” आणि पंख्याकडे बघत बसला. मॅडमशी मी भांडेन, ते माझ्याकडे लागलं. त्यासाठी मला कुणाची गरज नाही.

पण पोरगी गेले दोन रविवार अभ्यासिकेत येऊन बसते. कोरी वही उघडते, पेनाचं टोपण काढते, आणि बसते. मला भांडता येतं, फंक्शन शिकवता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी ज्याला प्रोग्राम लिहिता येतो, खरोखर येतो, त्यानं येत्या रविवारी सकाळी दहाला यावं. फळा आहे, खडू घेऊन या. पहिल्यापासून सुरू करा. आणि तिनं तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली, तर चौथ्यांदा सांगा.